मुंबईची पाणीपट्टी ८ टक्क्यांनी वाढली, तर तुमच्या खिशातून नेमकं किती जाणार?

जून जवळ आला की मुंबईत दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, सात तलावांत किती टक्के पाणी उरलंय. दुसरी, पाणीपट्टी वाढणार का.

दुसरी बातमी आली की राडा सुरू होतो. एक बाजू म्हणते, सामान्यांच्या खिशाला कात्री. दुसरी म्हणते, खर्च वाढलाय, मग पालिकेने करायचं काय? या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे पडतो. ८ टक्के म्हणजे नेमके किती रुपये?

आधी हे ८ टक्के आले कुठून ते बघू.

२०१२ मध्ये मुंबई महापालिकेने एक धोरण ठरवलं. धरणांची देखभाल, पाणी शुद्ध करणं, वीज, पगार यांचा खर्च जसा वाढेल तशी दरवर्षी १६ जूनपासून पाणीपट्टी वाढवायची. मात्र ही वाढ जास्तीत जास्त ८ टक्के.

म्हणजे दरवर्षी ८ टक्केच वाढते असं नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे वाढ टळली. २०२१ मध्ये ५.२९ टक्के झाली, २०२२ मध्ये ७.१२ टक्के. २०२३ मध्ये पुन्हा प्रस्ताव आला, राजकीय विरोध झाला आणि तो बाजूला ठेवला गेला.

आता बिलाचं गणित.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी दर हजार लिटरला ६ रुपयांच्या थोडा वर आहे. सोयीसाठी ६ रुपयेच धरू. पाच जणांचं कुटुंब, माणशी रोज १५० लिटर, म्हणजे दिवसाला ७५० लिटर. महिन्याला झाले साडेबावीस हजार लिटर. त्याचे १३५ रुपये.

इथं बिल संपत नाही. पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिस्सारण आकार लागतो, म्हणजे सांडपाणी वाहून नेण्याचे पैसे. ते झाले साधारण ९५ रुपये. एकूण बिल २३० रुपये.

याच्यावर ८ टक्के वाढ म्हणजे महिन्याला १८-१९ रुपये. बिसलेरीची एक लिटरची बाटली येते तेवढ्यात.

पण खरी मेख पुढंय.

मुंबईत पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. माणशी १५० लिटरपर्यंत साधा दर, त्यापुढं २०० लिटरपर्यंत दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट आणि त्याच्याही वर चौपट. त्यामुळं त्याच कुटुंबाने रोज ७५० ऐवजी १००० लिटर वापरलं, तर बिल २३० वरून थेट ३८० च्या पुढं जातं. पाणी एक तृतीयांशाने वाढलं, बिल दोन तृतीयांशाने. ८ टक्के दरवाढीपेक्षा हा झटका कितीतरी मोठा आहे.

मग लोक पाणी जपून वापरतात का? तर तसं होत नाही. कारण बहुतेक सोसायट्यांत सगळ्या इमारतीला मिळून मीटर असतो आणि बिल मेंटेनन्समध्ये वाटून जातं. बादलीत आंघोळ करणारा आणि रोज गाडी पाइपने धुणारा, दोघं सारखंच भरतात. आपण किती पाणी वापरतो हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं.

आता तुम्ही म्हणाल, गरिबांचं काय?

दरवाढीला विरोध होतो तो गरिबांच्या नावाने. पण झोपडपट्टीचा दर इमारतींपेक्षाही कमी आहे. तिथली अडचण दराची नाही, नळाची आहे. ज्या वस्त्यांना अधिकृत जोडणी नाही, तिथं पाणी कॅनने, ड्रमने विकत घ्यावं लागतं आणि ते नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट महाग पडतं.

१५ डिसेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं होतं की, झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. त्यानंतर मे २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. तरीही अनेक वस्त्या अजून टँकरवर आहेत.

टँकर किती महत्त्वाचा आहे ते एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. भूजलाच्या परवानग्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला आणि चार-पाच दिवसांत सोसायट्यांपासून बांधकामांपर्यंत सगळ्यांची धावपळ झाली. १० हजार लिटर पाणी पालिकेच्या नळाने आलं तर मलनिस्सारण धरून शंभरेक रुपये होतात. खाजगी टँकरने आलं तर हजारांत मोजावे लागतात.

मग दर वाढवले नाहीत तर काय बिघडतं?

बेंगळुरूकडे बघा. तिथं २०१४ नंतर पाण्याचे दर वाढलेच नाहीत. लोक खूश होते. मग एप्रिल २०२५ मध्ये ११ वर्षांची कसर एकदम निघाली आणि वर दरवर्षी ३ टक्के वाढीचीही सोय करून ठेवली.

मुंबईचा खर्चही थांबलेला नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथं सांडपाणी शुद्ध करणारी सात केंद्रं होतायत. जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हाच हा आकडा १७ हजार २०० कोटींचा होता. ती उभी राहिली की रोज चालवायचा खर्च आलाच. तो पाणीपट्टीतून नाही निघाला, तर पालिकेच्या इतर पैशांतून जाणार, म्हणजे शेवटी आपल्याच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुंबईला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि त्यातला मोठा वाटा गळती आणि चोरीत जातो. जे पाणी मीटरपर्यंत पोचतच नाही, त्याचा भार प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यांवर पडतो.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ मुंबईत नगरसेवकच नव्हते, निर्णय प्रशासक घेत होते. आता सभागृहात लोकांनी निवडून दिलेली माणसं आहेत. त्यामुळं दरवाढीचा विषय आला की तुमच्या नगरसेवकाला "वाढ रद्द करा" एवढंच सांगून सोडू नका. त्याला तीन गोष्टी विचारा. यंदा गळती किती कमी करणार? वॉर्डातल्या किती घरांना नवी जोडणी देणार? आणि मलनिस्सारणाच्या नावाने घेतलेला पैसा कुठं खर्च झाला?

उत्तरं मिळाली तर १९ रुपये जास्त नाहीत. नाही मिळाली, तर दर आहे तोच राहिला तरी तो महागच.