यंत्र आलें, त्याला घर कोठें?

पावसाळ्याच्या तोंडावर कोणत्याही गांवीं फेरी मारली असतां एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कर्ज काढून आणलेला ट्रॅक्टर निंबाखालीं उभा असतो. त्याचे पाने गव्हाणीवर, वंगणाचा डबा स्वयंपाकघराच्या कोनाड्यांत, आणि पेरणी यंत्राची जादा साखळी कोठें ठेवली हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. बैलास गोठा, धान्यास कणगी, देवास देव्हारा. यंत्रास मात्र झाडाची सावली! आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, दुसरें यंत्र विकत घेण्यापूर्वीं पहिल्याच्या दुरुस्तीची जागा घरीं बांधावी.

हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. दुसऱ्यांच्या शेतांचे उतारे लिहितां लिहितां निवृत्त झालों आणि घरच्या बारा एकरांत परतलों. पहिल्याच मृगांत वाफसा उत्तम आला असतां पेरणी यंत्राच्या साखळीचा एक दुवा तुटला. वस्तु बोटाच्या पेराएवढी. पण ती उघडण्याजोगें हत्यार घरीं नव्हतें, आणि दुवा झिजत आला आहे हें उन्हाळ्यांत निवांत बसून पाहण्याची सोयही नव्हती. तालुक्याच्या गांवीं कारागिराकडे गेलों, तों तेथें आमच्यासारख्यांची रांग. चौथ्या दिवशीं यंत्र परत आलें, त्याच रात्रीं पाऊस लागला, तो आठ दिवस उघडला नाहीं. सोयाबीन उशिरां पडलें, उतारा निम्म्यावर आला, आणि मुलीच्या शिक्षणाची फी भरण्यासाठीं आमच्या घरच्या मंडळींनीं हातांतल्या पाटल्या काढून दिल्या. त्या कारागिरास आम्ही दोष देत नाहीं. चूक आमची होती.

पूर्वीं गांवांत सुतार-लोहार असत. खळ्यावर त्यांस बलुतें मिळे, आणि मोडलेला नांगर सकाळीं नेला तर दुपारीं शेतावर परत येई. आतां पुष्कळ गांवीं लोहाराचा भाता थंड पडला आहे. त्याची विद्या गेली, आणि तिच्या जागीं आपण कांहींच आणलें नाहीं. यावर कोणी म्हणतील कीं, हें लोहाराचें काम, कुणब्याचें नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हांही लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणणारे शेतकरी होते. पुढें तोच नांगर घरोघर गेला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर त्याच्यासाठीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हांच्या शेतकऱ्यानें नांगर नाकारला होता. आज त्याचा पणतू पाना हातीं धरण्यास लाजतो. दोहोंचें मूळ एकच, आणि तें अज्ञानापेक्षां अभिमानांत अधिक आहे.

आतां जागेविषयीं. विटा आणण्यापूर्वीं अंगणांत फक्कीनें रेषा माराव्या. मागें अवजार जोडलेला ट्रॅक्टर त्या रेषांच्या आंत उभा करावा आणि चोहों बाजूंनीं फिरून पाहावें. वांकून काम करणाऱ्या माणसास बाजूनें तीन फूट तरी मोकळे लागतात. या हिशेबानें मध्यम ट्रॅक्टरास साधारण सोळा फूट रुंद व बावीस फूट लांब छपरी पुरते. दार दहा फुटांहून अरुंद करूं नये. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा; म्हणून त्या दिशा भिंतीनें बंद कराव्या आणि उघडी बाजू पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवावी. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, बारीक कामास तो चांगला.

काळ्या रानांत बांधणाऱ्यानें विशेष सावध असावें. ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते; तिच्यावर टाकलेली फरशी दोन वर्षांत तडकते. काळी माती उपसून खालीं घट्ट थरापर्यंत जावें, मुरूम थराथरानें पाणी मारून धुमसावा, आणि त्यावर ट्रॅक्टरखालीं सहा इंच व इतरत्र चार इंच काँक्रीट घालावें. फरशी अंगणापेक्षां उंच असावी व दाराकडे किंचित् उतरती. कडब्याची गंजी तेथून पन्नास पावलें तरी लांब ठेवावी. ठिणगीस शेजारधर्म कळत नाहीं. ट्रॅक्टरखालीं शिरण्यासाठीं खड्डा खणण्याचा मोह टाळावा. इंधनाची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती अशा खड्ड्यांत सांचून राहते.

आंतील मुख्य वस्तु म्हणजे कामाचा ओटा. बाभळीच्या जाड फळ्यांचा, भिंतीस बोल्टानें आवळलेला, न हलणारा असावा. त्यावर बसविलेल्या व्हाइसचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीस यावा. त्यापेक्षां खालीं असल्यास पाठ जाते, वर असल्यास कानस नीट चालत नाहीं. ऐरण, घण, कानशी, छिन्न्या, करवत, पान्यांचा संच व वंगणाची पिचकारी एवढ्यानें आरंभास भागतें. प्रत्येक हत्याराची आकृति भिंतीवर रंगानें काढून त्यावर तें टांगावें, म्हणजे सायंकाळीं काय परत आलें नाहीं हें लहान मूलही सांगेल.

जिवाच्या गोष्टींत काटकसर नसावी. विजेस पक्की अर्थिंग द्यावी आणि तीस मिलिअँपिअरची गळती ओळखून प्रवाह तोडणारें उपकरण बसवावें. ग्राइंडरचें झांकण काढून व डोळ्यांवर चष्मा न लावतां काम करूं नये. केवळ जॅकवर उचललेल्या यंत्राखालीं कोणीही शिरूं नये. आधीं भक्कम ठोकळे लावावे.

दप्तरांतला माणूस म्हणून आणखी दोन गोष्टी सांगणें आमचें कर्तव्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणें स्वतःच्या शेतीचीं अवजारें ठेवण्यासाठीं शेतांत इमारत बांधणें हा शेतीचाच उपयोग समजला जातो. तथापि शहरांच्या हद्दींत व आसपास, तसेंच योजनेच्या क्षेत्रांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागूं शकते. म्हणून पाया खणण्यापूर्वीं तलाठ्याकडे चौकशी करावी. त्याच छपरींत पैसे घेऊन गांवभरचीं यंत्रें दुरुस्त करूं लागल्यास मात्र तो धंदा झाला, व त्याचे नियम निराळे. दुसरी गोष्ट, कृषिपंपाच्या जोडणीवरून वेल्डिंग चालवूं नये. मंजूर कारणाखेरीज वीज वापरणें हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खालीं अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दरानें होते.

एवढा खर्च एकदम कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे. एकदम करूंच नये. पहिल्या वर्षीं फरशी व छप्पर, दुसऱ्या वर्षीं भिंती, ओटा, व्हाइस व दिवा, आणि वेल्डिंगचें यंत्र हात बसल्यावर तिसऱ्या वर्षीं. मोठी मोडतोड कारागिराकडेच न्यावी व त्याची मजुरी खळखळ न करतां द्यावी. घरच्या जागेचा खरा उपयोग उन्हाळ्यांत प्रत्येक साखळी, पट्टा व बेअरिंग हातानें तपासण्यास आहे.

आमची छपरी याच क्रमानें उभी राहिली. गेल्या मृगांत पेरणीच्या ऐन वेळीं दुवा पुन्हा तुटला. मुलगी सुटींत घरीं आलेली होती; तिनें भिंतीवरचें हत्यार काढलें, डब्यांतला जादा दुवा घेतला, आणि पाऊण तासांत यंत्र रानांत गेलें. त्या हंगामाच्या पैशांतून पाटल्या सोडवून आणल्या. वाचकहो, फक्कीस फार पैसे पडत नाहींत. येत्या मृगापूर्वीं एके सकाळीं अंगणांत त्या चार रेषा मारून तरी पाहा.