डब्यातील माती आणि रानातील भेग

जमिनीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजण्यासाठी मातीचा नमुना मागितला की, आपल्या रानात काही विषारी निघाले काय, अशी शंका शेतकऱ्याच्या मनात येते. ती अस्थानी आहे. युरेनियम, थोरियम व पोटॅशियम ही द्रव्ये सर्वच मातीत अल्प प्रमाणात असतात. आणि परभणीची काळी माती ज्या बसाल्ट खडकापासून झाली, त्यात युरेनियम व थोरियम ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळच कमी असतात.

विचार करावयाचा तो रेडॉनचा. युरेनियमपासून क्रमाने रेडियम होते व रेडियमपासून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. उघड्या शिवारात तो वाऱ्याबरोबर विरून जातो. मातीची जमीन असलेल्या, दारे-खिडक्या बंद ठेवलेल्या घरात मात्र तो साठू शकतो, आणि वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवितो. विडी ओढणाऱ्यास तर अधिकच.

प्रचलित पद्धतीत माती वाळवून, कुटून, चाळून डब्यात बंद करतात. वरच्या बाजूस लावलेल्या विशेष प्लॅस्टिकच्या पट्टीवर किरणकणांचे सूक्ष्म चरे उमटतात. सुमारे तीन महिन्यांनी पट्टी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून ते चरे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पद्धत स्वस्त आहे. परंतु काळ्या जमिनीसाठी तिच्या एकटीवर विसंबणे चूक होय. कुटलेल्या मातीत भेगा कोठून येणार? वैशाखात हीच जमीन उकलते व खालच्या थरातील वायूला वाट मिळते. पावसाळ्यात ती फुगते, भेगा मिटतात, छिद्रांत पाणी भरते आणि वायू आतच अडकतो. एकाच वावराची दोन ऋतूंत दोन उत्तरे!

म्हणून डब्यातील मोजणीबरोबर त्याच वावरात नळी पुरून तेथल्या तेथेही मोजणी व्हावी. एकदा वैशाखात, एकदा भाद्रपदात. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या प्रक्षेत्रापासून आरंभ करता येईल. नमुन्याच्या पिशवीवर नुसता गट क्रमांक लिहून भागणार नाही. खोली, ओल, भेगांची रुंदी आणि आजवर टाकलेले सुपर फॉस्फेट यांची नोंद ग्रामकार्यकर्त्याने शेतकऱ्यास विचारून करावी. या खताच्या मूळ खनिजातही युरेनियमचा अंश असतो. प्रयोगशाळेस हे कळण्यास दुसरा मार्ग नाही.

आणि मोजणीचा आकडा शेतकऱ्याकडे परत गेला पाहिजे. माती न्यावयास माणसे येतात, उत्तर घेऊन कोणी येत नाही, असा अनुभव एकदा आला की पुढच्या खेपेस पिशवीत बांधावरचीच माती पडते.