प्रसादाविना यात्रा

मराठी व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही असा एक नियम सांगते. ‘एकटी’ या शब्दाला खास अनेकवचन आहे. चार पुरुष महाबळेश्वरला निघाले तर ते ‘चौघं मिळून’ जातात. आम्ही सहाजणी निघालो की मात्र लोक विचारतात, ‘सहाजणी? एकट्याच?’ एकीत दुसरी मिळवली, दोघींत आणखी चौघी मिळवल्या, तरी बेरीज आपली एकटीच! बरोबर कुणाचा तरी आठ वर्षांचा बाळ्या असला की मग आम्हाला ‘सोबत’ झाली. त्या बाळ्याला वाटेत दोनदा उलटी होते, खिडकीसाठी तो भांडतो, त्याची चड्डी आम्ही बदलतो. पण सोबत तो आम्हाला, आम्ही त्याला नव्हे.

हे व्याकरण उगाळायचं कारण म्हणजे आमच्या भिशीनं घारापुरीला जायचं ठरवलं. शनिवार-रविवार. रात्रीच्या गाडीनं मुंबई, सकाळी गेटवेवरून लाँच, तासाभरात बेट. दुसऱ्या दिवशी मुंबईत नुसतं भटकायचं. पैसे भिशीचे, गुडघे आमचे आणि ते दुखले तर चोळायचं तेलही आमचंच. पण बातमी फुटली मात्र, छत्रपती संभाजीनगरातल्या सहा घरांत एकाच वेळी विद्वत्ता उफाळून आली.

पहिला आक्षेप भूगोलाचा. ‘वेरूळ तीस किलोमीटरवर असताना लेणी बघायला समुद्रात कशाला जायचं?’ वरवर बिनतोड. वेरूळ आणि अजिंठा दोन्ही १९८३ सालीच जागतिक वारशाच्या यादीत गेली, घारापुरीचा नंबर लागला १९८७ साली. म्हणजे आपण सीनियर! पण हे सांगणाऱ्या गृहस्थांनी स्वतः वेरूळ शेवटचं कधी पाहिलं? पाहुणे आले तेव्हा. आणि त्या पाहुण्यांबरोबर आम्ही काय पाहिलं? पुऱ्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि कैलास लेण्यात हरवलेली पोरं. वेरूळचं एकोणतिसाव्या नंबरचं लेणं, ज्याला लोक ‘सीता की नहाणी’ म्हणतात, त्याची मांडणी घारापुरीच्या मोठ्या लेण्याशी फार जुळते. रावण कैलास हलवतोय ते शिल्प दोन्हीकडे आहे. तेव्हा घारापुरी पाहिल्याशिवाय आपलं घरचं लेणंसुद्धा नीट कळायचं नाही. माहेर पाहिल्याशिवाय सून कळते का?

दुसरा आक्षेप पोटाचा. ‘आमच्या जेवणाचं काय?’ ज्या माणसाला मोबाईलवर बोट टेकवून मध्यरात्री बिर्याणी मागवता येते, त्याला दोन दिवसांचा वरणभात हा राष्ट्रीय प्रश्न वाटावा? पण त्यात आमचाही हात आहे, असं आमच्या शेजारणीचं मत. बाई घराबाहेर पडते तेव्हा घर उचलून बरोबर नेते, असं ती म्हणते. त्यावरून घारापुरीचाच हत्ती आठवतो. तिथल्या एका दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. पुढे इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला, तर उचलता उचलताच त्याचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती आता भायखळ्याला उभा आहे. जड वस्तू जागच्या जागी ठेवून जावं, हा त्यातला बोध. घर दोन दिवसांत कुठे पळून जात नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल. ‘पण तिथे आहे काय?’ खरी गोम इथे आहे. तुळजापूरला निघालो असतो, शिर्डीला निघालो असतो, तर कुणी ब्र काढला नसता. उलट रिक्षा बोलावून दिली असती. घारापुरीला शंकर आहे, तीन मुखांचा, माणसाच्या तिप्पट उंचीचा. पण त्याची रोजची पूजा नाही, अभिषेक नाही, प्रसाद नाही. म्हणजे पुण्य नाही, नुसतं बघणं. बाईनं नुसतं बघायला जायचं? घराबाहेर पडायला तिला देवानं बोलवावं लागतं. नाहीतर कुणीतरी जन्मावं लागतं, बोहल्यावर चढावं लागतं किंवा मरावं तरी लागतं.

आमच्यातल्या एकीला, वय बासष्ट, मी सहज विचारलं, ‘मुंबई पाहिलीय का हो?’ म्हणाल्या, ‘तीनदा. दोनदा लेकीची बाळंतपणं, एकदा यांचं ऑपरेशन.’ ‘आणि समुद्र?’ ‘दिसला होता की, टॅक्सीतून. पण मांडीवर यांचे एक्स-रे होते. दुमडतील म्हणून नीट वळता आलं नाही.’ त्या हसत हसतच सांगत होत्या. आम्हीही हसलो. मग जरा वेळ कुणी बोललंच नाही. शेवटी त्याच उठल्या आणि चहा टाकला.

‘तिथे आहे काय?’ या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. आमच्या शहरानं वर्षानुवर्षं नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिली. हंडे, बादल्या, पिंपं भरून ठेवण्यात जिची उमर गेली, तिला जे भरून ठेवावं लागत नाही आणि मोजून वापरावं लागत नाही असं पाणी एकदा डोळाभर बघावंसं वाटलं, तर ती चैन होते होय?

काळजी खोटी असते असं माझं म्हणणं नाही. रस्ते, माणसं, वेळा सगळ्याच काही सरळ नसतात. पण काळजी असेल तर स्टेशनवर सोडायला या, पोचल्यावर फोन करा, परतायच्या दिवशी गाडी घेऊन उभे राहा. परवानगी तेवढी देऊ नका, कारण ती मागितलेलीच नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. वय अठरा, नवरा इकडेच. त्यानंतर एवढ्या वर्षांनी बासष्टीच्या बाईनं गेटवेवरून तासाभराच्या लाँचसाठी तोंडाकडे बघत बसावं? घारापुरीला अर्धनारीश्वरही आहे. देवाचं अर्धं अंग बाईचं, हे तुम्हाला दगडात कोरलेलं चालतं. मग त्या अर्ध्या अंगाला दोन दिवस रजा का चालू नये?

तेव्हा बायांनो, निघा. लेणी सोमवारी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. पायऱ्या शंभराच्या वर आहेत. मध्ये बसा, बसायला लाजू नका. माकडं हातातलं खाणं पळवतात, म्हणून डबे नेऊच नका. जन्मभर नेलेत तेवढे पुरे. आणि परत आल्यावर घरच्यांनी हात पुढे करून ‘काय आणलंस?’ असं विचारलं, तर सरळ सांगा, ‘काही नाही. जाऊन आले.’