पत्राही थकतो!

पक्कड सापडत नसली आणि तार तोडायची असली की तुम्ही काय करता? एकाच जागी पुढे-मागे, पुढे-मागे वाकवत बसता. आधी काहीच होत नाही. मग ती जागा गरम लागायला लागते. आणि थोड्या वेळाने कट्! तारेचे दोन तुकडे! आता यातली गंमत बघा. तुम्ही जोर काही वाढवलेला नसतो. जोर तेवढाच, फक्त तो पुन्हा पुन्हा लावलेला. यालाच म्हणतात धातूचा थकवा.

विमानाच्या खिडक्यांना कोपरे का नसतात, असं तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर या तारेतच आहे. पण त्याआधी विमानाचं अंग कसं बांधतात ते पाहू.

दिवाळीत आकाशकंदील करता ना? आधी कामट्यांचा सांगाडा, मग त्यावर कागद. विमानाचा मधला नळकांड्यासारखा भागही साधारण तसाच. आत गोल गोल कड्या, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या आणि वरून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. फरक एवढाच, की कंदिलाचा कागद नुसता शोभेला असतो, विमानातला पत्रा मात्र सांगाड्याबरोबर भारही उचलतो. आणि हा पत्रा जाड किती? बोइंग ७३७ या विमानात बऱ्याच ठिकाणी पुरता एक मिलिमीटरसुद्धा नाही!

वर आकाशात हवा विरळ. तिथे माणसाला श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा दाबून भरतात. त्यामुळे विमान वर जाताना फुग्यासारखं किंचित फुगतं, खाली येताना पुन्हा बसतं. आतल्या हवेचा बाहेरच्यापेक्षा जास्त असलेला दाब दर चौरस इंचाला साडेतीन किलोच्या आसपास जातो. म्हणजे आठ इंच बाय दहा इंचाच्या कागदाएवढ्या तुकड्यावर पावणेतीनशे किलो! एक उड्डाण, एक फुगणं. झालं की नाही तारेसारखं?

आता खिडक्या. १९५४ साली 'कॉमेट' जातीची दोन जेट विमानं तीन महिन्यांच्या आत भूमध्य समुद्रावर फुटून कोसळली. शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. आतला दाब पाण्याने वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. शेवटी पत्रा टरकन फाटला. कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या आणि कोपऱ्यांपाशी ताण फार साठत होता. तेव्हापासून कोपरे गेले आणि खिडक्यांना छान गोलाई आली.

प्रश्न सुटला म्हणता? छे! २८ एप्रिल १९८८ ची गोष्ट ऐका.

हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सचं एक ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघालं. आत ९५ माणसं. २४ हजार फुटांवर पोचतं न पोचतं तोच प्रचंड आवाज झाला. कॅप्टनने मागे वळून पाहिलं, तर मधलं दार गायब आणि पहिल्या वर्गाच्या छताच्या जागी निळं आकाश! दारामागचं सुमारे १८ फूट लांबीचं छप्पर उडून गेलं होतं. प्रवाशांनी पट्टे बांधलेले होते म्हणून ते खुर्चीत राहिले. क्लॅराबेल लान्सिंग ही ३७ वर्षं नोकरी केलेली हवाई सुंदरी मात्र तेव्हा उभी होती. ती बाहेर फेकली गेली, पुन्हा सापडलीच नाही. वैमानिकांनी तसंच उघडं विमान १३ मिनिटांत माउई बेटावर उतरवलं. डावं इंजिन बंद पडलेलं, पुढचं चाक नीट उघडलंय की नाही याचा दिवा लागेना. तरी उतरवलं. बाकी सगळे वाचले.

वादळ नव्हतं, बॉम्ब नव्हता. मग झालं काय?

या विमानाचे पत्रे एकावर एक थोडे चढवून, मध्ये गोंद लावलेलं कापड घालून जोडले होते आणि वरून रिव्हेटच्या तीन रांगा ठोकल्या होत्या. भार गोंदाने घ्यायचा, अशी कल्पना. पण ओलावा शिरला, गंज चढला, गोंद सुटला. सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला. भोकांच्या कडांना केसासारख्या भेगा पडल्या. पोस्टाच्या तिकिटांमध्ये भोकांची ओळ असते ना? तसंच झालं. भेगा एकमेकींना मिळाल्या आणि पत्रा त्या ओळीवर उसवला.

आता हिशोब बघा. हे विमान बनवताना ५१ हजार तास आणि ७५ हजार उड्डाणं हे उद्दिष्ट धरलं होतं. ते उडालं होतं ३५,४९६ तास. म्हणजे तसं तरुणच की! पण उड्डाणं? ८९,६८०. बेटाबेटांतल्या त्या छोट्या फेऱ्या, सरासरी चोवीस मिनिटांच्या. तासांचं घड्याळ 'अजून वेळ आहे' म्हणत होतं, पत्रा मात्र केव्हाच थकला होता.

देखभाल होत नव्हती असं नाही. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून पाहतात. ठरावीक काळाने हँगरमध्ये नेऊन तपासतात, मोठ्या तपासणीत तर खुर्च्या, आतले पडदे, सगळं उचकटतात. (आपल्या नागपूरला मिहानमध्ये अशा कामाचं मोठं केंद्र आहे.) भेग डोळ्यांना दिसत नसेल तर एडी करंटचं यंत्र आणतात. पेन्सिलीसारखं टोक रिव्हेटभोवती फिरवायचं. धातूत खेळणारा प्रवाह भेगेपाशी अडखळतो आणि ते यंत्रावर कळतं.

पण शेवटी पाहणारा माणूसच. चौकशी करणाऱ्यांनी हेही लिहून ठेवलं, की हे काम बहुधा रात्री चाले. छताला बांधलेल्या दोरीचा आधार घेऊन विमानाच्या पाठीवर चढायचं आणि एकामागून एक रिव्हेट बघत जायचं. शेकडो रिव्हेट धडधाकट, मग एखादा वाईट. गणिताची वही तपासताना आपले डोळे कसे पेंगतात, आठवा! कंपनीच्या तपासणीत त्या भेगा सापडल्या नाहीत, असाच निष्कर्ष निघाला. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेत जुन्या विमानांच्या तपासणीसाठी वेगळा कायदा झाला.

आणि एक गोष्ट चौकशीत बाहेर आली. त्या दिवशी हिलोला विमानात शिरताना एका प्रवासी बाईंना दाराजवळच्या रिव्हेटच्या रांगेत एक आडवी भेग दिसली होती. त्या तशाच आत गेल्या आणि जागेवर बसल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत.

पुढच्या अंकात विमानाच्या चाकांकडे वळू. ती पोटात कशी शिरतात आणि उतरताना धूर का काढतात, ते बघायचंय.