घर मालकीचे, तार भाड्याची

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारीचे नाव कष्टकऱ्यांच्या घरांमुळे देशभर पोहोचले. विडी कामगार स्त्रियांसाठी उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरांच्या किल्ल्या २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आल्या. रे नगरमधील ३०,००० पैकी पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांच्या ताब्यात आली. एकमेकांशी उभे वैर असलेल्या दोन राजवटींना एकाच गावात येऊन किल्ल्या वाटाव्या लागल्या, त्या कामगारांच्या संघटित रेट्यामुळे, हे सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. झोपडपट्टीतील भाडे एकदाचे सुटले. परंतु नव्या घराच्या भिंतीला पहिला खिळा ठोकला जातो न जातो तोच दुसरे भाडे दारात येऊन उभे राहते. ते तारेचे भाडे होय. केबल घ्यावी, छपरावर छत्री बसवावी, की इंटरनेटची लाइनच ओढून घ्यावी, हा प्रश्न आज या प्रत्येक घरात विचारला जातो.

हा चैनीचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी विडी वळणारीचा दिवस पाहिलेला नसतो. मांडीवर सूप, भिजवून कापलेली पाने, तंबाखू, दोरा, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खाली घातलेली मान. या कामात हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे राहतात. भिंतीवरच्या दूरचित्रवाणीचा आवाज हीच तिला मिळणारी सोबत असते. त्या सोबतीची महिन्याची किंमत दोन-तीन दिवसांच्या मजुरीइतकी होत असेल, तर ती कोण ठरवतो आणि कशाच्या बळावर ठरवतो, हे तपासणे संघटित कामगारांचे कामच आहे.

केबल स्वस्त की छत्री, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधू गेल्यास दोन्ही सारखीच आहेत असे दिसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली तेव्हा १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये ही मूळ आकाराची कमाल मर्यादा दोघांनाही घालून दिलेली होती. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की १५३ रुपये ४० पैसे होतात. सोन्यावर हाच कर ३ टक्के आहे, हे येथे जाता जाता नोंदवलेले बरे. मालिका, चित्रपट, क्रिकेट दाखवणाऱ्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे याशिवाय. ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे द्यावे लागतील असे तेव्हा मोठ्या आवाजात सांगण्यात आले. व्यवहारात एकेका वाहिनीची सुटी किंमत इतकी चढी ठेवण्यात आली की पॅक घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि त्या पॅकमध्ये नको असलेल्या वाहिन्या मुकाट्याने गळ्यात पडल्या. पॅकमधील वाहिनीच्या किमतीची कमाल मर्यादा १९ रुपयांवरून २०२० मध्ये १२ वर आणली गेली, प्रसारक न्यायालयात गेले, आणि २०२२ अखेर ती पुन्हा १९ वर गेली. जुलै २०२४ मध्ये तर मूळ आकारावरील मर्यादाच उठवून तो किती असावा हे वितरकांच्या मर्जीवर सोपवण्यात आले. बाजारात स्पर्धा आहे, तेव्हा नियंत्रण कशाला, असा युक्तिवाद यामागे होता.

सोलापुरात या पॅकांच्या धंद्याला आणखी एक पदर आहे. कंपन्यांनी देश भाषेप्रमाणे कापून विकायला काढला आहे. महाराष्ट्रासाठी मराठी-हिंदी, तेलंगणासाठी तेलुगू, कर्नाटकासाठी कन्नड. पण कुंभारीतील पद्मशाली घरात आजी तेलुगूत बोलते, नात मराठी शाळेत जाते, शेजारच्या घरात कन्नड आणि पलीकडे उर्दू ऐकू येते. मराठी पॅक घेतला तर आजी मुकी बसते, आणि तेलुगू वाहिन्या वरून जोडल्या तर दर महिन्याला बिल वाढते. ज्या बहुभाषिकतेचे गोडवे सोलापूरच्या प्रत्येक व्यासपीठावरून गायिले जातात, तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याची पाळी कामगारावर येते. पुण्या-मुंबईतील एकभाषी कुटुंबाचे दरपत्रक येथे लावून चालत नाही. केबल आणि छत्री यांची तुलना करणारे लेख बहुधा हा हिशेब करीतच नाहीत.

कागदावर सारख्या असलेल्या या दोन्ही सेवांत प्रत्यक्षात फरक पडतो तो माणसामुळे. छत्रीचे पैसे आगाऊ भरावे लागतात. मुदत संपली की पडदा काळा होतो. यंत्राला मजुरी कधी हाती पडते याच्याशी कर्तव्य नसते. केबलवाला वसाहतीतलाच किंवा शेजारच्या गावचा असतो. तो पगाराची वाट पाहतो, आठ-पंधरा दिवस उधारी ठेवतो, वाऱ्याने तार तुटली तर शिडी घेऊन येतो. या उधारीचे मोल कोणत्याही दरपत्रकात छापलेले नसते. अर्थात हा केबलवाला म्हणजे कोणी संत नव्हे. १९९० नंतरच्या दशकात गल्ली वाटून घेऊन मनमानी दर लावणारे, पावती न देणारे आणि गावगुंडांच्या आश्रयाने प्रतिस्पर्ध्याच्या तारा कापणारे याच धंद्यात होते. परंतु आज तो स्वतःच दोन दगडांमध्ये सापडला आहे. वर वाहिन्यांचे मालक आणि खाली मोबाइलवर सगळे पाहणारा तरुण ग्राहक. छत्रीच्या कंपन्यांचीही तीच गत आहे. २०२० अखेर सुमारे सात कोटी असलेले त्यांचे ग्राहक मार्च २०२५ पर्यंत सुमारे ५ कोटी ७० लाखांवर घसरले.

मग सर्वांत स्वस्त काय? तर दूरदर्शनची मोफत छत्री. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या, आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सेवेला मासिक शुल्क नाही. एकदा छत्री आणि डबा विकत घेतला की झाले. देशातील चार कोटींहून अधिक घरांत ती आहे असा अंदाज केला जातो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि ज्यांच्या घरी चांगला फोन नव्हता त्या मुलांचे शिक्षण थांबले, तेव्हा जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’चे पाठ दाखवले गेले ते याच सार्वजनिक यंत्रणेच्या जोरावर. त्यासाठी एक रुपयाचेही रिचार्ज लागले नाही. पण या सेवेला लोकप्रिय करणाऱ्या खाजगी वाहिन्यांनी तिला केव्हाही पाठ दाखवावी अशी मुभा त्यांना आहे. मोठ्या प्रसारकांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या मार्च २०१९ मध्ये तेथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. गरिबाच्या पडद्यावर काय दिसावे हे त्यांच्या जाहिरातींच्या हिशेबावर ठरते. आणि दूरदर्शनने स्वतः तेलुगू आजीला किंवा मराठी नातीला खिळवून ठेवील असे काही निर्माण करावे, यासाठी लागणारा पैसा आणि स्वायत्तता या दोन्ही गोष्टी कोणत्याच सरकारने त्याला मनापासून दिलेल्या नाहीत.

आता इंटरनेटच्या लाइनकडे वळावे. २०२० साली ३९९ रुपयांची घरगुती फायबर योजना बाजारात आली. जाहिरातीत ३९९ आणि कर धरून हाती पडणारे बिल ४७१. चित्रपट-मालिकांची दुकाने त्यात नव्हती. त्यांचा समावेश असलेली योजना ९९९ रुपयांपासून पुढे होती. समर्थक म्हणतात की ही लाइन घेतली की केबलही नको आणि फोनमधील डेटाही नको. हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहण्यासारखा आहे. रोज दीड जीबी डेटा देणारे जिओचे २८ दिवसांचे रिचार्ज जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपये झाले. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असल्याने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. कामगाराच्या तेराव्या महिन्याचे वेतन मात्र अजून कोणत्याही कारखानदाराने शोधून काढलेले नाही. एका फोनमागे वर्षाला ३,८८७ रुपये, दोन फोन असलेल्या घरात महिन्याला सुमारे ६४८ रुपये. नियामकाच्या आदेशामुळे जानेवारी २०२५ मध्ये निव्वळ बोलण्यापुरते रिचार्ज आले. जिओचे ८४ दिवसांचे असे रिचार्ज ४४८ रुपयांना पडले, म्हणजे फोनमागे महिना सुमारे १६२. दोन्ही फोन त्यावर नेऊन घरात फायबर घेतली तर खर्च ७९५ रुपये होतो. वाचत काहीच नाही, उलट वाढतो. घरात तीन फोन असतील तर बरोबरी होते, चार असतील तर पावणेदोनशे रुपये वाचतात. तेही घराबाहेर पडल्यावर कोणाला डेटा लागत नसेल तर. रिक्षा चालवणाऱ्याला, घरोघरी माल पोहोचवणाऱ्या मुलाला तो लागतोच, कारण त्यांचा मालक आता फोनमध्येच राहतो. तात्पर्य, कुंभारीतील बहुसंख्य घरांत फायबर हा जुन्या खर्चाच्या जागी येणारा खर्च नसून त्याच्या डोक्यावर बसणारा खर्च आहे. लहान घराला आज परवडेल ते एवढेच: मोफत छत्री, एका फोनवर डेटा आणि बाकीच्या फोनवर बोलण्यापुरते रिचार्ज.

परंतु हे दरही उद्या असेच राहतील याची हमी कोणी द्यावी? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सर्व काही फुकट देऊन सुरुवात केली आणि अनेक कंपन्या बाजारातून नाहीशा झाल्यावर दर वर चढू लागले. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने फोनवर फुकट होते. २०२५ मध्ये थोडी मिनिटे दाखवून नंतर वर्गणी मागण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचा भारतातील दूरचित्रवाणी व्यवसाय एकत्र आला, आणि क्रिकेटचे हक्क, वाहिन्या, त्या पोहोचवणारी तार व हातातील फोनचे जाळे यांवर एकाच घराण्याचे वर्चस्व प्रस्थापित झाले. केबल, छत्री आणि इंटरनेट यांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला आहे असे सांगितले जाते. त्याने कोणतेही दार ठोठावले तरी आतला मालक बहुधा तोच निघतो.

ध्वनिलहरी व आकाशमार्ग ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात दिला होता. न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेला तो निकाल सरकारी मक्तेदारी आणि खाजगी मक्तेदारी या दोहोंविषयी सावध करणारा होता. त्यातील पहिला इशारा सर्वांनी उचलून धरला, दुसरा सोयीस्करपणे विसरला. राज्य सरकारांनी वाहिन्या पोहोचवण्याच्या व्यवसायात पडू नये, अशी शिफारस नियामकाने २००८ पासून वारंवार केली. तमिळनाडू सरकारच्या अरसू केबल महामंडळाने सप्टेंबर २०११ पासून महिना ७० रुपयांत केबल देऊन दाखवली, तर डिजिटल परवान्यासाठी त्याला २०१७ पर्यंत दिल्लीच्या दारात ताटकळावे लागले. वाहिनी आणि तार या दोन्हींवर मालकी सांगणाऱ्या घराण्याला असे ताटकळावे लागल्याचे कोणी ऐकलेले नाही.

केरळमध्ये तेव्हाच्या डाव्या आघाडीच्या सरकारने इंटरनेट हा मूलभूत हक्क मानून जून २०२३ मध्ये राज्याचे स्वतःचे फायबर जाळे सुरू केले. २० लाख गरीब कुटुंबांना ते मोफत देण्याचे उद्दिष्ट होते, आणि पहिल्या टप्प्यात १४,००० घरेच घेतली गेली. दिरंगाईची टीका रास्त होती, ती झाकण्याचे कारण नाही. मात्र त्यातील एक गोष्ट कुंभारीसाठी घेण्याजोगी आहे. घरापर्यंतची शेवटची तार ओढण्याचे काम तेथे स्थानिक केबलवाल्यांकडे सोपवण्यात आले. त्यांचा रोजगार टिकला आणि दर सार्वजनिक जाळ्याचा राहिला.

महाराष्ट्रात यासाठी आकाशपाताळ एक करण्याची गरज नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, मुदतीमागून मुदती उलटल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती जोडण्या देण्याचा संकल्प आहे. गोदूताई वसाहत आणि रे नगरचा पहिला टप्पा मिळून २५,००० घरे होतात. ती एकेकटी कंपनीच्या दुकानात गेली आणि प्रत्येकाने ४७१ रुपयांची लाइन घेतली, तर कुंभारीतून महिन्याला १ कोटी १७ लाख ७५ हजार आणि वर्षाला १४ कोटी १३ लाख रुपये बाहेर जातील. हीच घरे एका अर्जाखाली भारत संचार निगमसमोर आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभी राहिली, तर भारतनेटची तार वसाहतीच्या कोपऱ्यापर्यंत, तेथून केबलवाल्यांच्या सहकारी संस्थेमार्फत दारापर्यंत, तेलुगू-कन्नड वाहिन्यांना वेगळा आकार नाही आणि महिना तीस दिवसांचा, एवढ्या अटी मागता येतील. घरासाठी एकेका कामगाराने वेगळा अर्ज केला असता तर कुंभारीच्या माळावर आजही कुसळेच दिसली असती. त्या अर्जांचे गठ्ठे बांधणारी माणसे याच वसाहतीत राहतात, आणि तारेचे बिल त्यांच्याही घरी येते.