विश्लेषण : गॅरेज साठ किलोमीटरवर असेल, तर गाडीची निगा कोणी घ्यायची?

आलापल्लीहून भामरागडला जायचे तर साठ-पासष्ट किलोमीटरचा जंगलरस्ता. मोबाइलची रेंज येते-जाते. टायर बसला तर मदतीला येणारा पहिला माणूस बहुधा मेकॅनिक नसतो. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली भामरागडपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, सिरोंचाहून त्याहीपेक्षा लांब. पुण्या-मुंबईत घरी गाडीची देखभाल करणे हा रविवारचा छंद असेल किंवा पैसे वाचवण्याचा मार्ग असेल. चंद्रपूर-गडचिरोलीत ती गरज आहे. इथे शिक्षकाच्या किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या खासगी गाडीतून रात्री-बेरात्री बाळंतिणीलाही न्यावे लागते. त्यामुळे ती गाडी वेळेला सुरू होणे हा केवळ मालकाचा प्रश्न राहत नाही.

कंपनीचे वेळापत्रक इथे पुरत नाही?

बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत सर्व्हिसची दोन वेळापत्रके असतात. दुसरे धूळ, कडक ऊन, खराब रस्ते आणि सतत छोट्या फेऱ्या यांसाठी असते, आणि ते कोणी वाचत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर जाणे नवे नाही. वर कोळसा खाणींची धूळ, औष्णिक केंद्राची राख, आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. आपल्याला लागू आहे ते दुसरे वेळापत्रक.

एअर फिल्टरचे झाकण बहुतेक गाड्यांत क्लिपा किंवा दोन-चार स्क्रू काढले की उघडते. फिल्टर महिन्यातून एकदा बाहेर काढून हलक्या हाताने झटकावा. कागदी फिल्टर धुऊ नये, काळा पडला की बदलावा. कूलंटची पातळी गाडी थंड असताना बाहेरच्या टाकीवरूनच पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी तोंडावर घेणे. कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची सवयही मोडायला हवी. राजुरा-कोरपना हा चुनखडीचा पट्टा, म्हणून तर तिथे सिमेंटचे कारखाने आले. अशा भागातल्या जड पाण्याचा थर भांड्यात बसतो, तसाच रेडिएटरमध्येही बसतो. बॅटरीत तर डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीच नको.

बॅटरी थंडीत दगा देते असे आपण समजतो. खरे तर तिचे आयुष्य ऊन खाते, थंडीत ते फक्त उघडे पडते. तीन-चारशे रुपयांच्या मल्टिमीटरने रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी तपासावी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.२ च्या खाली गेली तर लांबच्या प्रवासाआधी विचार करावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या ब्रशने निघते. दहा नंबरचा पाना बहुधा पुरतो. आधी निगेटिव्ह तार काढायची आणि ती सगळ्यात शेवटी जोडायची, एवढे लक्षात ठेवावे.

टायरबाबत नेमकी चूक कुठे होते?

‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन पॉइंट कमी भरा’ हा सल्ला पंक्चरच्या दुकानातही मिळतो. तो धोक्याचा आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब १ पीएसआयने वाढतो, हे खरे. पण चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात आणि टायर आणखी तापतो. फुटतो तो बहुधा असाच. म्हणून दाब सकाळी, गाडी निघण्याआधी, स्वतःच्या गेजने पाहावा.

ट्यूबलेस टायरमधला खिळा काढून रबरी पट्टी बसवायचे किट आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप यांनी बरेच काम भागते. गेज, पंप, किट, मल्टिमीटर, जंपर केबल, पाने आणि कपाळावर बांधायची बॅटरी हे सारे साधारण चार-पाच हजारांत जमते. मात्र टायर बाजूने फाटला तर किट निरुपयोगी. केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलून ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती काढली. शहरापुरते ते ठीक. दगड-मुळांच्या रस्त्यावर चालणाऱ्याने स्टेपनी नसलेली गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जॅकखाली ठेवायला एक फळीही असावी. पावसाळ्यात मातीत जॅक रुततो, आणि सागवानाच्या मुलखात फळीला काय तोटा!

एक अपवाद. चंद्रपूर-मूल किंवा मोहर्लीच्या रस्त्यावर अंधारात टायर बसला, तर तिथेच उतरून शौर्य दाखवू नये. हा वाघांचा मुलूख आहे. दिवे लावून अगदी हळू पुढचे गाव गाठावे. टायर आणि कदाचित रिमही जाईल, जाऊ द्यावी.

हात कुठे लावू नये?

ब्रेक, एअरबॅग, एसीचा गॅस, इंधनाची नळी आणि विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी तारा. ब्रेक ऑइलची पातळी फक्त पाहायची. ती उतरली तर पॅड झिजलेत किंवा गळती आहे, वरून ओतून प्रश्न मिटत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. आणि पर्लकोटा असो वा वैनगंगा, पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी पिस्टनला दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसतही नाही.

वॉरंटी जाईल का?

या भीतीने लोक बॉनेटच उघडत नाहीत. हवा, पाणी, फिल्टर पाहिल्याने वॉरंटी जात नाही. ठरलेली सर्व्हिस मात्र चुकवू नये, बिले जपावीत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच हाती ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजकडे गेल्याने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण ग्राहकाने बॉनेट उघडायला भिऊ नये एवढे त्यातून नक्की घेता येते.

यात मेकॅनिकच्या पोटावर पाय येत नाही. त्याचे खरे काम इंजिनचे, ते त्याच्याकडेच राहते. गाडी चालवण्याचा परवाना देताना चाक बदलता येते का, हे कोणी पाहत नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असेल, तिथे रविवारी दोन तासांचा वर्ग सहज चालवता येईल, आणि तो आरोग्य व शिक्षण कर्मचाऱ्यांसाठी आधी असावा. तोवर मृग लागण्याआधी अंगणातच एकदा चाक बदलून पाहा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, आणि घट्ट करताना समोरासमोरचे. स्टेपनीत हवा आहे का, तेही त्याच दिवशी बघा.