वाट पाहण्याची ऐपत

मौद्यातील बी.एस्सी. झालेल्या एका मुलीने गेल्या महिन्यात आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. बारावीनंतर तिने दोनदा नीट दिली. गुण पुरले नाहीत म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी पुरी केली. डॉक्टर होण्याची इच्छा मात्र गेली नाही. आता पुन्हा परीक्षेला बसायचे, तर मधला काळ कशात घालवावा? नागपूरला एम.एस्सी.ला नाव घालावे, की गावातच रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत मिळू पाहणारी नोकरी धरावी? वडील औष्णिक वीज केंद्रावर ठेकेदाराकडे कामाला, धाकटा भाऊ अकरावीत.

काही वर्षांपूर्वी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. वैद्यकीय प्रवेशासाठी कमाल वय २५, राखीव प्रवर्गांना ३०, अशी मर्यादा घालण्यात आली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ती काढून टाकली. किती वेळा परीक्षेला बसावे यालाही बंधन नाही. कायद्याने दार उघडे आहे. त्या दारापाशी किती दिवस उभे राहता येईल, हे मात्र घरातील धान्याच्या कणगीवर ठरते.

२०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देऊन आली. जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार आणि त्यांतील सरकारी महाविद्यालयांतील सुमारे ५६ हजार. उरलेल्यांपैकी बहुतेक जागांची फी शेतमजुराने ऐकूनच परत फिरावे अशी. अशा चढाओढीत पहिल्या फेरीला कोण टिकणार? तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले की, त्या राज्यात प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांवर गेले. म्हणजे परीक्षा बुद्धीची म्हणवते, पण बुद्धीच्या जोडीला ती एक-दोन रिकामी वर्षे मागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल नाही. शिकवणीची फी आणि नागपुरातील खोलीचे भाडे हा खर्चाचा दिसणारा भाग. न कमावलेली मजुरी हा न दिसणारा. ज्या घरात ती मजुरी लागतच नाही, तेथे वर्ष स्वस्त पडते. ज्या घरात ती लागते, तेथे तेच वर्ष कर्जाने विकत घ्यावे लागते.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी चार वर्षांची पदवी घ्यावीच लागते आणि त्यानंतरही अनेकजण वर्ष-दोन वर्षे इस्पितळात किंवा संशोधनशाळेत काम करून मग अर्ज करतात. तेथील कर्जाचे डोंगर आम्हांस ठाऊक आहेत. ते अनुकरणीय नव्हेत. पण त्या कामाची अर्जात दखल तरी घेतली जाते. आपल्याकडे दखल कशाची? मधल्या वर्षांबद्दल प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र मागतात. या मुलीने दोन वर्षे लोकांचे रक्त तपासले, मलेरिया आणि सिकलसेल ओळखायला ती शिकली, तरी प्रवेशाच्या खात्यावर तो नुसता खंडच. दहा वर्षे प्रसूतिकक्षात राबलेल्या परिचारिकेलाही याहून वेगळा न्याय नाही.

आणि तत्त्व म्हणून ही गोष्ट अमान्य आहे असेही नाही. पदव्युत्तर प्रवेशात सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी राज्यांना जागा राखून ठेवता येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. एम.बी.बी.एस. झाल्यावर सेवा ही पात्रता ठरते. त्याआधी तीच सेवा खंड कशी ठरते, याचे उत्तर आम्हांस सापडलेले नाही. तामिळनाडूने त्याच वर्षी सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. नीट असतानाच हे झाले, हे लक्षात घ्यावे. आपल्याच शेजारी सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे. नीट येईपर्यंत तेथे प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. गांधीविचारही घोकता येतो, हे खरे. पण डॉक्टर निवडताना एकाच आकड्यावर विसंबू नये, एवढे तरी त्या प्रश्नपत्रिकेने कबूल केले होते.

आपल्यातील काही सहकारी म्हणतील, नीटच रद्द करा. आम्ही तसे म्हणणार नाही. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान महाविद्यालयांनी जो बाजार मांडला, देणगीबंदीचा कायदा १९८७ मध्ये होऊनही तो कसा चालत राहिला, हे आम्ही पाहिले आहे. सामाईक परीक्षेने त्या बाजाराचे निदान एक दार तरी अरुंद केले. मागणी हवी ती वेगळी: आरोग्यसेवेत ठराविक वर्षे काम केलेल्या, ग्रामीण व गरीब घरांतील उमेदवारांसाठी काही जागा आणि परीक्षेआधीच्या वर्षाला निर्वाहवेतन. नागपूरच्या महाज्योती संस्थेकडून इतर मागास व भटक्या प्रवर्गांतील मुलांना मोफत ऑनलाइन शिकवणी व टॅब मिळतो, तो चांगलाच आहे. पण टॅबवर घरची चूल पेटत नाही. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, आर्थिक दुर्बल इत्यादी प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. दाराच्या आत गेलेल्या मुलीसाठी सरकारने तिजोरी उघडली. बाहेर ताटकळणाऱ्या मुलीसाठी मात्र अजून काही नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. आम्ही आमच्या जुन्या सवयीने जमाखर्च मांडून दिला. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा, एम.एस्सी.चे प्रगत विषय त्यात कामी येत नाहीत, उलट वेळ खातात. नोकरीत पैसा आहे, रोग्यांशी संबंध आहे आणि नीट हुकली तरी हातात कसब उरते. तेव्हा नोकरी धर, पाळी सकाळची माग, आणि आणखी किती वेळा परीक्षा द्यायची तो आकडा आजच ठरव. आमच्या मते दोन.

ती शांतपणे म्हणाली, "सर, एम.एस्सी.ला नाव असलं म्हणजे दोन वर्षं घरात लग्नाचा विषय निघत नाही. नोकरीवाल्या पोरीला तर लगेच पाहायला येतात."

हा रकाना आमच्या ताळेबंदात नव्हता. चाळीस वर्षे शिकवूनही नव्हता. मुलाच्या नावावर घर दोन वर्षे गुंतवते, मुलीला ती वर्षे विद्यापीठाच्या आडोशाने मिळवावी लागतात. सल्ला आम्ही मागे घेतला नाही, पण तिच्या वडिलांना भेटायला गेलो. दोन वर्षे लग्नाची बोलणी करणार नाही, एवढे त्यांनी चहा घेताना कबूल केले. भावालाही पुढे शिकवायचे आहे, हेही त्यांनी सांगितले.

मुलगी सध्या प्रयोगशाळेत जाते. संध्याकाळी अभ्यासाला जागा नाही, घर दोन खोल्यांचे. रात्री दहापर्यंत उघडी राहील आणि मुलींना निर्धास्त बसता येईल अशी अभ्यासिका मौद्यात हवी, हा विषय तालुक्यातील कार्यकर्त्यांनी नगरपंचायतीपुढे न्यावा. अर्जाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे.